विलायती गाय, देशी गाय आणि शेतकऱ्याचा हिशेब

बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारांत एकदां सकाळींच फेरी मारावी, म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगांव भागांतल्या गोठ्याची खरी हकिकत कळते. शिंगें साळून रंगविलेले खिल्लार खोंड तेथें दिसतात. जबडा उघडून दांत मोजणारीं गिऱ्हाइकें दिसतात, रुमालाखालीं बोटें दाबून भाव करणारे दलाल दिसतात. पण एक जनावर तेथें दिसत नाहीं. तें म्हणजे काळ्यापांढऱ्या संकरित गायीचा गोऱ्हा. गाय विलायती असो कीं देशी, दोन वेतांत सरासरी एक गोऱ्हा होणारच. हा सृष्टीचा नियम आहे, तो कोणत्याही खात्याच्या हुकुमानें बदलत नाहीं. आमच्या दोन तालुक्यांत अशा हजारों गाई दरसाल वितात. मग हे गोऱ्हे जातात कोठें?

या प्रश्नाचें उत्तर आमच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे, आणि तोंडानें तें कोणी बोलत नाहीं. आम्हींही आजवर बोललों नाहीं. आमच्याच गोठ्यांत एका पहाटे गोऱ्हा झाला. चीक पाजला, दोन दिवस कौतुक झालें, आणि मग डेअरीच्या किटलीकडे पाहून त्याच्या वांट्याचें दूध कमी होऊं लागलें. पाण्यांत कालविलेलें पीठ किती दिवस पोसणार? नवव्या दिवशीं तो उठला नाहीं. घरांतल्या बायका त्या दिवशीं नीट जेवल्या नाहींत, पण संध्याकाळीं धार काढावयास त्यांनाच बसावें लागलें. कोणी असा गोऱ्हा रात्रीं टेंपोंत घालून घाटांत सोडतो, कोणी गोशाळेच्या दारांत बांधून निघून येतो. उसाच्या फडांत बिबट्या आहेच. तो पंचनामा मागत नाहीं.

देशी गाय चांगली कीं विलायती, हा वाद सध्यां फार जोरांत आहे. आम्ही त्या वादांत शिरण्यापूर्वीं हा गोऱ्हा वाचकांपुढें उभा केला, याचें कारण असें कीं दोन्ही बाजूंचे वकील त्याचें नांव काढीत नाहींत. एका बाजूस कांडी, पेंड आणि यंत्रें विकणारे लोक. ते फक्त दुधाचे आंकडे सांगतात. दुसऱ्या बाजूस गोमाहात्म्य सांगणारे लोक. ते शेण-गोमुत्राचे गुण गातात, पण त्यांपैकीं किती जणांनीं पहाटे साडेचारला उठून शेणाची पाटी उचलली आहे, हें विचारण्याची सोय नाहीं. गोठा आमचा, कर्ज आमचें, आणि गायीविषयीं मत मात्र दुसऱ्यांचें, असा हा प्रकार चालला आहे. म्हणून आमचा हिशेब आम्हींच मांडला पाहिजे.

प्रथम नांवांचा घोटाळा काढून टाकूं. आमच्याकडे कोणतीही काळीपांढरी गाय दिसली कीं तिला सर्रास ‘जर्शी’ म्हणतात. खरी जर्सी ही इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रांतील एका लहानशा बेटावरची, बदामी रंगाची, अंगानें आटोपशीर आणि दुधाला दाट. काळीपांढरी ती होल्स्टीन फ्रिजियन. ती हॉलंडकडच्या थंड, ओल्या कुरणांची. अंगानें मोठी, दुधाला भरपूर, पण दूध पातळ. जर्सीच्या दुधाला फॅट पांचाच्या आसपास लागते, होल्स्टीनच्या दुधाला साडेतीनची मारामार. डेअरींत साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ यांवर भाव बांधलेला असतो. त्यामुळें रोज पांढरी किटली भरून नेणाऱ्याच्या हातांत कधीं कधीं कापलेला भाव पडतो, त्याचें मूळ येथें आहे. नांव जर्शीचें आणि दूध होल्स्टीनचें, अशी ही गंमत.

ह्या गाई आमच्याकडे कशा आल्या? गोऱ्या सोजिरांना दूध-लोणी पुरविण्यासाठीं इंग्रज सरकारनें लष्करी दुग्धालयें काढलीं. पहिलें १८८९ सालीं अलाहाबादेस निघालें. पुण्याजवळ पिंपरीसही असें दुग्धालय होतें. तेथें विलायती वळू व देशी गाई यांचा संकर चाले. हीं दुग्धालयें २०२१ सालीं सरकारनें कायमचीं बंद केलीं. परंतु आमच्या गोठ्यापर्यंत विलायती रक्त पोंचविण्याचें काम लष्करानें केलें नाहीं. तें उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या ‘बायफ’ संस्थेनें केलें. १९४६ सालीं गांधीजींबरोबर उरुळीस आलेला हा मनुष्य तेथेंच राहिला, गीर गायींचा उत्तम कळप त्यानें उभा केला, आणि १९६७ सालीं संस्था काढून शेतकऱ्याच्या दारांत येऊन गाय भरविणारीं माणसें तयार केलीं. वळू गांवांत नको, गाय दवाखान्यांत न्यावयास नको, माज दिसला कीं निरोप द्या, ही सोय गरिबाच्या मोठ्या उपयोगाची झाली. ज्याच्यापाशीं दीड एकर आहे आणि बाकी मजुरी, त्याच्या घरांत महिन्याकाठीं नाहीं, दर दहा दिवसांनीं रोकड येऊं लागली. मुलींची शाळा, आजाऱ्याचें औषध, सोसायटीचा हप्ता यांतून निघाला. जे लोक आज संकरित गायीला नांवें ठेवतात त्यांनीं हें विसरूं नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानेंही होल्स्टीन, जर्सी व गीर अशा तिघींच्या रक्ताची ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली. तींत निम्मा भाग होल्स्टीनचा, पाव जर्सीचा व पाव गीरचा. दूध आणि काटकपणा एका दाव्याला बांधण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो कौतुकास्पद आहे.

आतां दुधाचा हिशेब पाहूं. देशांतल्या संकरित गाईंची सरासरी रोजचीं सुमारें आठ लिटर पडते, जातिवंत देशी गायीची चार लिटरांच्या आसपास, आणि ज्यांची जात सांगतां येत नाहीं अशा गांवठी गायीची तीन लिटरांच्याही आंत. ही सरासरी झाली. आमच्या पाटाच्या पट्ट्यांत बारा-पंधरा लिटरांच्या गाई घरोघर आहेत. बारा लिटरांची गाय धरूं. भाव तीस रुपये धरला तर दिवसाचे ३६० रुपये. ऐकावयास बरें वाटतें. पण गायीच्या शरीरासाठीं दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागें एक किलो असें पशुखाद्य लागतें, म्हणजे सहा किलोंच्या वर झालें. किलोला तीस रुपये धरा. १८९ रुपये तेथेंच गेले. उरले १७१. त्यांत वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पांच-सहा किलो कडबा, खनिज मिश्रण, डॉक्टरची फी आणि बँकेचें व्याज. शिवाय गाय बारा महिने दूध देत नाहीं. दोन महिने तरी आटते, आणि गाभ राहण्यास उशीर झाला तर भाकड दिवस वाढत जातात. घरचा चारा असेल तर चार पैसे दिसतात. विकतचा चारा असेल तर शेणावरच समाधान मानावें लागतें.

आणि हें सर्व भाव तीस असतांना. २०२४ च्या जानेवारींत सरकारला लिटरमागें पांच रुपये अनुदान जाहीर करावें लागलें, तेव्हां डेअऱ्यांनीं द्यावयाचा भाव सत्तावीस धरला होता. जुलैमध्यें तो तीस झाला, ऑक्टोबरांत अठ्ठावीस भाव आणि सात अनुदान असें ठरलें. वर्षांत तीन वेळां भावाचा खेळ झाला. पेंडीच्या पोत्याचा भाव मात्र एकदांही खालीं आला नाहीं. बाराव्या लिटराची फुशारकी मारणाऱ्या व्यापाऱ्यास आमचें इतकेंच विचारणें आहे कीं, त्या बाराव्या लिटरांतला रुपया कोणाच्या खिशांत गेला?

ह्या हिशेबांत आणखी एक रकम कोणी धरीत नाहीं, ती म्हणजे घरच्या बाईची मजुरी. शेण काढणें, वैरण कापणें, कुट्टी करणें, पाणी दाखविणें, दोन वेळां धार, कासेला दगडी झाली तर रात्रंदिवस शेक. संकरित गाय दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी पिते, उन्हाळ्यांत त्याहून अधिक. तें पाणी जेथें नळानें येतें तेथें ठीक. जेथें हंड्यानें येतें तेथें तें बाईच्या डोक्यावरून येतें. आणि दुधाचें बिल मात्र बहुतेक घरांत पुरुषाच्या नांवावर निघतें. दूध सोसायटीच्या सभासदांच्या यादींत आमच्या आयाबहिणींचीं नांवें किती आहेत, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवांत पाहावें.

आतां देशी गायीची बाजू. देशी म्हणजे एक जात नव्हे. आमच्या पश्चिमेच्या डोंगरांत, नाणेघाटाकडे आणि भीमाशंकराकडे, जेथें पाऊस महिनोन्‌महिने उघडत नाहीं, तेथें शेजारच्या अकोले-इगतपुरीकडची डांगी जनावरें आणि त्यांच्या वळणाचीं डोंगरी ढोरें आहेत. डांगीच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळें पावसाचें पाणी अंगावरून निथळून जातें. खूर काळे व टणक, भाताच्या चिखलांत कुजत नाहींत. अकोले तालुक्यांत राजूरला या जातीचें प्रदर्शन भरतें, तेथें जाऊन डोळ्यांनीं पाहावें. डांगी गाय दूध किती देते? दोन-अडीच लिटर. पण ती डेअरीसाठीं नव्हेच. ती आपल्या पायांनीं डोंगरावर चढते, पोटापुरतें चरते, आणि खाचरांत चिखल करणारा बैल देते. आमच्या महादेव कोळी बांधवांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत ट्रॅक्टर जात नाहीं. तेथें होल्स्टीन नेऊन बांधणें म्हणजे हॉलंडच्या मडमेला आषाढांत नाणेघाट चढावयास लावण्यासारखें आहे. कांहीं योजनांत आदिवासी कुटुंबांस संकरित गाई वांटल्या जातात. चाऱ्याची सोय नाहीं, डॉक्टर वीस मैलांवर, डेअरीची गाडी पावसांत येत नाहीं. गाय मरते, कर्ज उरतें, आणि ‘हे लोक सुधारत नाहींत’ असा शेरा कागदावर पडतो. सुधारणा कोणाची व्हावयास पाहिजे, तें आम्हांला कळतें.

पण डांगीचें पोट रानावर आहे आणि रान राहिलें कोठें? जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हांच त्यांनीं हें ओळखलें होतें कीं, गायरानें व डोंगर जंगल खात्याच्या ताब्यांत गेले म्हणजे गरिबाचें ढोर आधीं मरतें. (त्याच पुस्तकांत त्यांनीं सरकारनें परमुलुखांतून चांगल्या जातीचीं शेळ्यामेंढरें आणून येथें वाढवावीं असेंही सुचविलें आहे. परदेशी म्हणून विटाळ नाहीं आणि देशी म्हणून आरती नाहीं, असा त्यांचा रोकडा विचार होता.) पुढें १९८५ सालीं भीमाशंकरचें अभयारण्य जाहीर झालें. जंगल राखलेंच पाहिजे, शेकरू वांचलाच पाहिजे, याबद्दल आमचा वाद नाहीं. डिंभ्याच्या धरणांत आंबेगांव तालुक्यांतलीं गांवेंच्या गांवें बुडालीं, त्यांबरोबर चराईची जमीनही बुडाली. गांवोगांवच्या गायरानांवर कोठें अतिक्रमण, कोठें प्रकल्प. चरावयास जागा न ठेवतां देशी गाय पाळा असें सांगणें म्हणजे चूल काढून घेऊन भाकरी थापा म्हणण्यासारखें आहे. गोठ्यांत बांधून पेंड घातलेली देशी गाय ही परवडणारी गाय नव्हे. तिचें सारें अर्थशास्त्र तिच्या चार पायांत आहे.

खिल्लारची गोष्ट निराळी. खिल्लार मूळची माणदेशची; आटपाडीकडच्या खरसुंडीसारख्या यात्रांतून ही जनावरें आमच्याकडे येतात. तिची गाय वासराला पाजून घराला कपभर दूध देईल तर देईल. पण तिचा बैल म्हणजे वारा. आमच्या घाटांत बैलगाडा सुटतो तेव्हां गाड्यावर हांकणारा नसतो, पुढें घोडी आणि मागें बैल, आणि सेकंदांवर बारीचा निकाल. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या; १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटी घालून महाराष्ट्रांत पुन्हां परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा मान्य केला. मधलीं सात वर्षें घाट सुने होते, आणि खोंडांचे भावही पडले होते. शर्यतीनें खिल्लार वांचते, हें म्हणणें अर्धें खरें आहे. शर्यतीनें खोंड वांचतो. लाखांची बोली खोंडाला लागते. त्याला जन्म देणारी गाय माणदेशांत दुष्काळांत छावणीला बांधलेली असते, तिच्या धन्याला त्या लाखांतलें कांहीं मिळत नाहीं. आमच्या गाडामालकांनीं यात्रेच्या बक्षिसांतून एखादें बक्षीस उत्तम खिल्लार गायीला आणि तिच्या मालकाला ठेवलें तर काय बिघडेल? मोटारसायकली वांटून जनावराची जात सुधारत नाहीं.

पूर्वेचें आणे पठार हें तिसरेंच जग. तेथें उन्हाळ्यांत माणसांना टँकर लागतो. तेथें सत्तर लिटर पाणी पिणारें जनावर कोणीं आणि कशासाठीं बांधावें? एखादी गांवठी गाय आणि चार-सहा शेळ्या हाच तेथला सुज्ञ गोठा, असें आमचें स्पष्ट मत आहे; त्याला मागासलेपणा म्हणणाऱ्यानें एक वैशाख पठारावर काढून दाखवावा.

राहिला मधला पट्टा: कुकडी, मीना, घोड यांच्या कांठचा, येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभे यांच्या पाटावरचा, नारायणगांव, मंचर, ओतूर, आळे. येथें ऊस आहे, उसाचें वाढें आहे, मका आहे, पाणी आहे. येथें संकरित गाय ठेवावी कीं नाहीं? ठेवावी. आम्ही हें आडपडदा न ठेवतां सांगतों. परंतु किती विलायती आणि कोणत्या रक्ताची, हें शेतकऱ्याच्या हातीं असावें, कांडी भरणाऱ्याच्या नव्हे.

हा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण यांतच आमचें मोठें नुकसान झालें आहे. गांवठी किंवा गीर गायीला होल्स्टीनची कांडी भरली कीं होणारी कालवड निम्मी विलायती, निम्मी देशी. दोन निराळ्या रक्तांच्या पहिल्या मेळांत विशेष जोम असतो. दूध वाढतें आणि काटकपणाही बराच टिकतो. ही कालवड गाय झाली कीं तिला पुन्हां होल्स्टीनची कांडी. तिची मुलगी बारा आणे विलायती. पुन्हां तीच कांडी. नात चौदा आणे. आतां ही गाय रंगारूपानें हॉलंडची झाली, पण राहते ती मंचरच्या पत्र्याच्या गोठ्यांत, वैशाखांत, जेथें पत्र्याखालीं माणसालाही बसवत नाहीं. ती धापा टाकते, चारा सोडते, उलटते, पुन्हां पुन्हां भरवावी लागते. गोचीडतापानें दोन दिवसांत आडवी होते. म्हणूनच विलायती रक्त आठ आण्यांपासून दहा आण्यांपर्यंत ठेवावें, त्यापुढें सांभाळून जावें, असें शास्त्रज्ञ पूर्वींपासून सांगत आले आहेत. आमच्या गांवांत हें किती जणांना कोणीं सांगितलें? कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. ती रिकामी झाली कीं उकिरड्यावर जाते, आणि आमच्या गायीचा बाप कोण हें कायमचें नाहीसें होतें. लग्न जुळवितांना सात पिढ्यांची चौकशी करणारा आमचा समाज गाय भरवितांना बापाचें नांव विचारीत नाहीं! मंचरजवळ मोठ्या भांडवलाच्या दुग्धालयांत निव्वळ होल्स्टीन गाई उत्तम राहतात हें खरें. परंतु तेथें पंखे आहेत, फवारे आहेत, गोल फिरणारें धारेचें यंत्र आहे, आणि प्रत्येक गायीची नोंद आहे. त्या गायीकडे पाहून आपल्या पत्र्याखालीं तशी गाय बांधणें म्हणजे साहेबाचा कोट पाहून उन्हाळ्यांत कांबळें पांघरण्यासारखें होईल.

नोंदीचें महत्त्व ब्राझील देशाकडून शिकावें. तेथें आमच्या काठेवाडच्या गीर गाई गेल्या, आमचे ओंगोल गेले. भावनगरच्या महाराजांनीं दिलेल्या कृष्ण नांवाच्या वळूची संतति तेथें आजही नांवाजलेली आहे. तेथल्या लोकांनीं गायीची आरती केली नाहीं; त्यांनीं वही केली. कोणती गाय, कोणत्या वळूची, कितव्या वेतांत किती दूध, हें पिढ्यानपिढ्या लिहिलें, निवडलें, आणि आमचीच गीर आमच्याहून दुधाळ करून दाखविली. त्याच देशानें पांच हिस्से होल्स्टीन आणि तीन हिस्से गीर अशी ‘गिरोलांदो’ जातही केली. म्हणजे देशी सुधारणें आणि संकर करणें हीं एकमेकांचीं वैरी नाहींत. वैरी आहे तो आमचा आंधळा कारभार.

देशी गायीच्या नांवावर दुसराही एक बाजार उघडला आहे, तो म्हणजे ए-टू दुधाचा. शहरांत तें दुप्पट-तिप्पट भावानें विकतात. देशी गायींच्या दुधांत बहुतांशीं ए-टू जातीचें प्रथिन असतें हें खरें. परंतु त्यामुळें अमुक रोग टळतो असें सिद्ध झालेलें नाहीं. २०२४ च्या २१ ऑगस्टला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें पुड्यांवरचे हे दावे काढावयास सांगितलें, आणि पांचच दिवसांत तो हुकूम मागें घेतला. पांच दिवसांत दूध बदललें नाहीं, इतकें आम्हांस कळतें. ज्यांना शहरांत ओळखी आहेत, गाडी आहे, बाटल्या आहेत, त्यांनीं हा धंदा खुशाल करावा. पण आणे पठारावरच्या शेतकऱ्यानें त्या भावाकडे पाहून लाखाची गीर कर्जानें आणूं नये.

आतां पुन्हां त्या गोऱ्ह्याकडे येऊं. पूर्वीं देशी गोऱ्हा म्हणजे घरचा मुलगाच. तीन वर्षांनीं तो औताला लागे. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाहींसें असतें, जूं नीट बसत नाहीं. सकाळच्या गारव्यांत चालतो, ऊन चढलें कीं थांबतो. त्यांत ट्रॅक्टर आला. मग तो कोणाच्या कामाचा? गाय व वासरूं कापण्यास १९७६ च्या कायद्यानें बंदी होतीच. २०१५ सालीं बैल आणि वळूही त्यांत आले. कायदा करणाऱ्यांनीं जनावराचा जीव वांचविला आणि त्याचें पोट आमच्या माथीं मारलें. म्हातारा बैल, भाकड गाय, नको असलेला गोऱ्हा या तिघांना रोज चारा लागतो, हें विधिमंडळाच्या टिपणांत कोणीं लिहिलें नाहीं. पूर्वीं शेतकरी म्हातारें जनावर विकून त्यांत भर घालून नवें घेई. तो व्यवहार संपला, आणि ज्या कारागिरांचें पोट कातड्यावर होतें त्यांची पेठही ओसरली. चपलेचा, मोटेचा, वादीचा धंदा करणारे आमचे बांधव या वादांत कोणाच्या खिजगणतींतही नाहींत.

३० सप्टेंबर २०२४ रोजीं राज्य सरकारनें देशी गायीस ‘राज्यमाता-गोमाता’ असा मान दिला, आणि त्याच दिवशीं गोशाळांतील देशी गायींच्या पोषणासाठीं रोज प्रत्येकीं ५० रुपये देण्याचें ठरविलें. मानाबद्दल आम्हांस दुःख नाहीं. आमच्या घरीं ती मान मिळण्यापूर्वींपासून आहे, आणि पोळ्याला आमच्या बैलाच्या पायावर पाणी घालण्यास आम्हांला सरकारी ठराव लागला नाहीं. पण पन्नास रुपये गोशाळेंतल्या गायीला आणि शेतकऱ्याच्या दावणींतल्या गायीला शून्य, हें कोणतें गणित? म्हणजे गाय आम्हीं जन्मास घालावी, वाढवावी, आणि पोसवेनाशी झाली कीं दुसऱ्याच्या दारांत सोडून द्यावी, मग तिला पन्नास रुपये मिळूं लागतील! हाच पैसा डोंगरांत डांगी पाळणाऱ्या कुटुंबास, त्याच्या दारांतल्या गायीसाठीं दिला असता, तर गाय रस्त्यावरच आली नसती. आमची मागणी साधी आहे. गोशाळेला द्याल तें गोठ्यालाही द्या. देशी गायीला द्या, भाकड गायीला द्या, म्हाताऱ्या बैलाला द्या.

दुसरी मागणी कांडीविषयीं. ज्या कांडीनें शंभरांत सुमारें नव्वद कालवडीच होतात अशी कांडी आतां निघाली आहे. तिनें गाभ राहण्याचें प्रमाण थोडें कमी असतें, म्हणून ती कालवडीला व धडधाकट गायीला वापरावी. ती स्वस्त आणि वेळेवर आमच्या सरकारी दवाखान्यांत मिळाली, तर आमच्या गोठ्यांतला तो नवव्या दिवसाचा मृत्यु पुष्कळ कमी होईल. गायीच्या पुण्याविषयीं व्याख्यानें देणाऱ्यांनीं या एका कांडीसाठीं एखादी सभा घेतली असें आमच्या ऐकिवांत नाहीं.

तिसरें काम सरकारचें नव्हे, आमचें आहे. घरांत शाळेंत जाणारें मूल असेलच. दोन रुपयांच्या वहीचें एक पान त्याच्या हातीं द्यावें. गायीच्या कानांतल्या बिल्ल्याचा बारा आंकडी नंबर, भरविल्याची तारीख, कांडीवरचा वळूचा नंबर, व्याल्याची तारीख, गोऱ्हा कीं कालवड, आणि महिन्यांतून एक दिवस दोन्ही वेळचें दूध मापून लिहावें. डॉक्टर किंवा कांडी भरणारा आला कीं आधीं नंबर लिहून घ्यावा, मग गाय धरावी. तो घाईंत असला तरी थांबेल, कारण पैसे आपण देतों. डोंगरांतल्या बांधवांनीं चांगल्या डांगी गोऱ्ह्याचें आऊत लवकर धरूं नये. गांवांत एक तरी निवडक वळू राखावा, आणि त्याच्या वैरणीची वर्गणी ग्रामसभेंत ठरवावी. पूर्वीं गांवचा पोळ असे, त्याला सगळ्यांच्या शेतांत माफी असे. ती रीत मोडली, कारण आम्हीं कांडीवर सर्व भार टाकला.

येत्या पोळ्यापर्यंत ज्यांच्या घरीं अशी वही सुरू होईल त्यांनीं आपल्या गायीची जात, गांव, वेत आणि दुधाचा आंकडा आम्हांस लिहून पाठवावा. मधल्या पट्ट्यांतल्यांनीं विलायती रक्त किती आणे झालें आहे तेंही कळवावें, आणि गोऱ्हा झाला असेल तर त्याचें पुढें काय झालें, हेंही न लाजतां लिहावें. आलेले आंकडे आम्ही गांववार छापूं. आमच्या गोठ्याचा पहिला आंकडा आम्ही वर दिलाच आहे.